पद्मिनीचा तळ : १९८६ च्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

गाडी प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी. जागा पुण्यातल्या घराचा पोर्च, वर छप्पर, खाली शहाबादी फरशी. काम बहुतेक रविवारी. हेतू असा की गाडी पावसाळ्यातसुद्धा रोज चालवता यावी. प्रदर्शनात उभी करायची नाही. मूळ गाडीत असलेल्या उणिवा, म्हणजे दिवे, सीटबेल्ट आणि आजच्या पेट्रोलला न टिकणारे रबर, ओघात सुधारून घ्यायच्या.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार : पाहणी

१९७४ पासून या गाडीचे नाव पद्मिनी, पण नाना पेठेत सुट्या भागांच्या काउंटरवर आजही ‘फियाट’च म्हणावे लागते. त्यात चूक काही नाही. कुर्ल्याला १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डी, मधली प्रीमियर प्रेसिडेंट आणि ही पद्मिनी ही एकाच बॉडीची भावंडे. त्यामुळे तळाचे पत्रे, बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी) आणि ब्रेकचे बरेच सामान एकमेकांना चालते.

इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतले: १२०, ११८, १२२, ११५ पीएसआय. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, तेवढे पुरे. इंजिन उघडायचे नाही.

तळाची गोष्ट वेगळी. मॅट उचलल्यावर डांबरी थर वरून शाबूत दिसतो आणि इथेच डोळे फसतात. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत गेले की चांगला पत्रा ठणठणतो, सडलेला थप्प वाजतो. जिथे थप्प, तिथे बोथट स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबायचा. निष्कर्ष असे:

डावीकडचा पुढचा तळ, साधारण ३० × २० सेंमी, आरपार. ड्रायव्हरच्या टाचेखालचा भाग चाळणी. डाव्या सिलचा, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीचा, मागचा ४० सेंमी भाग फक्त रंगाच्या जिवावर उभा. उजवे सिल बाहेरून बरे, आतून शंका. पुढच्या काचेच्या चौकटीची खालची डावी कड बीडिंगखाली फुगलेली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर ठणठणीत, ही मोठी सुटका.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणून सिल हा सजावटीचा भाग नव्हे. दोन्ही सिल एकदम कापली तर गाडी मधोमध वाकते आणि दारे कायमची रुसतात.

२० ऑक्टोबर : कापण्याआधी पाणी

बहुतेक ठिकाणी आधी पत्रा बदलतात, गळती नंतर बघू म्हणतात. मग पाच-सहा पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. त्यामुळे ग्राइंडरला हात लावण्याआधी पाणी आत येते कुठून आणि बाहेर का जात नाही, हे शोधायला एक अख्खा रविवार दिला.

पद्धत साधी. आत सगळीकडे वर्तमानपत्र पसरले. एक जण आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. नळीला नोझल नाही, पाणी नुसते वाहते ठेवायचे, कारण जोराची धार पाऊस जिथे कधी पोहोचत नाही तिथेही घुसते आणि खोटी गळती दाखवते. सुरुवात खालून: आधी दारांची खालची कड, मग दाराच्या काचेची पट्टी, मग पुढची काच, शेवटी टप. प्रत्येक जागी ५ मिनिटे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही.

तीन गोष्टी सापडल्या. पुढच्या काचेचा खालचा डावा कोपरा: बीडिंग आखडून कोपऱ्यात उचललेले, तिथून पाणी डॅशबोर्डमागून थेट डाव्या तळावर. डावे मागचे दार: दाराच्या पोटातले पाणी बाहेर जायच्या फटी मातीने बुजलेल्या, त्यामुळे दार बादलीसारखे भरते आणि आतल्या पत्र्यावरून सिलवर सांडते. तिसरी गोष्ट सर्वांत महागाची: डाव्या सिलवर पूर्वी कुणीतरी जुन्या गंजावरच पट्टी मारलेली आहे आणि खालची शिवण टोकापासून टोकापर्यंत बंद केलेली आहे. काम मजबूत दिसावे म्हणून निचऱ्याच्या फटीही वेल्डने भरल्या. आत आलेल्या पाण्याला वाट उरली नाही. सिल सडले ते नेमके त्या ‘मजबूत’ दुरुस्तीच्या मागच्या टोकाला, जिथे पाणी साचत होते.

२७ ऑक्टोबर : उघडणे

सीट, मॅट, दारांची पॅनेल, पुढची काच काढली. जुने बीडिंग आतून ब्लेडने कापून काढले. ते वाचवण्याच्या नादात काच गमावू नये. काच टफन्ड असेल तर कडेला बसलेला एक टोला तिचा भुगा करतो. काढलेली काच जाड चादरीवर उभी, कधीही फरशीवर नाही.

डांबरी थर हीटगनने मऊ करून रुंद पटाशीने सोलला. जळेल इतका तापवायचा नाही, वाकेल इतकाच. उरलेला चिकटा रॉकेलने, मग रॉकेलचा तेलकटपणा थिनरने. हे दुसरे पुसणे टाळले तर वेल्डमध्ये बुडबुडे येतात आणि प्रायमर माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो.

पेट्रोल टाकीही आजच काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची, कारण स्फोट वाफेचा होतो.

(मध्ये दिवाळी.)

१० नोव्हेंबर : आधार आणि मापे

गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. मागे अ‍ॅक्सलखाली, पुढे क्रॉसमेंबरखाली. वजन चाकांवर असताना जिथून येते तिथूनच आधार द्यायचा, तळाच्या मध्यावर घोडा लावला की बॉडी आधीच वाकलेली असते आणि तुम्ही ती त्याच बाकात वेल्ड करून कायम करता.

डाव्या दोन्ही दारांच्या चौकटीत २५ मिमी चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार टॅक केले, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी धरून ठेवले. त्याआधी दारे लावलेली असताना दारांच्या फटी आणि चौकटीचे कर्ण मोजले. आकडे चौकटीवरच मार्करने लिहिले, वहीत लिहिलेले ऐन वेळी सापडत नाहीत. आधार लावल्यावर कर्णांत १ मिमी फरक आला, तो चालवून घेतला. ३ मिमीच्या वर गेला असता तर आधार कापून पुन्हा लावले असते.

१७ नोव्हेंबर : डावे सिल कापले

बाहेरचा पत्रा ग्राइंडरला १ मिमीची चकती लावून कापला. शिवणीवरचे मूळचे स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या स्पॉट कटरने. कटरने वरचाच पत्रा जाईल इतके, खालचा शाबूत राहिला पाहिजे.

पेटी उघडल्यावर आतून सव्वा किलो ओला गंज आणि माती निघाली, तव्यावरच्या करपलेल्या पापुद्र्यांसारखी थरावर थर. मधोमध एक जुनी गोणपाटाची चिंधी, बहुधा आधीच्या वेल्डिंगच्या वेळी आग लागू नये म्हणून कोंबलेली आणि आतच राहिलेली. ती चिंधी उन्हाळाभर ओल धरून असणार. आतला पत्रा मागच्या ४० सेंमीत गेलेला, पुढे ठीक.

कापताना नियम एकच: चकाकता पत्रा लागेपर्यंत मागे जायचे. ‘थोडा गंज आहे पण वेल्ड धरेल’ असे वाटणाऱ्या पत्र्याला वेल्ड धरत नाही. तो वितळून भोक पडते, भोक भरायला जावे तर मोठे होते.

२४ नोव्हेंबर : वेल्डिंग, आणि एक वाया गेलेली सकाळ

पत्रा २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड), ०.९ मिमी. आठ बाय चारची अख्खी शीट २१ किलो भरते, सिल आणि तळ मिळून अर्धीच लागली. दुकानदार १८ गेज घ्या म्हणतो, मजबूत म्हणून. घेऊ नये. १.२ मिमीचा पत्रा जुन्या पातळ पत्र्याला जोडताना उष्णता सगळी पातळ बाजूला जाते, ती जळते आणि जाड बाजू नुसती चिकटते.

सीओटू वेल्डिंग मशीन, ०.८ मिमी तार, गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर, ६० अँपिअरच्या आसपास. गॅस वेल्डिंग टिंकर सुरेख करतात, पण ते इतका भाग तापवते की सपाट पत्रा पापडासारखा वळतो. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या. ओले गोणपाट, बादली, अग्निशामक हाताशी.

सकाळचे पहिले पंधरा टॅक स्पंजासारखे सच्छिद्र आले. आधी पत्रा पुसला, मग तार बदलली, मग रेग्युलेटर तपासला. कारण निघाले पोर्चमधला पंखा. वारा वेल्डिंगच्या टॉर्चसमोरचा गॅस उडवून नेत होता. पंखा बंद केला, एका बाजूला ताडपत्री लावली, टॅक गुळगुळीत. ते पंधराही घासून काढून पुन्हा केले, कारण सच्छिद्र टॅकवर चांगला टॅक मारला तरी खालची भोके पाणी ओढतात.

क्रम: नव्या तुकड्याला शिवणीवर ७ मिमीची भोके दर ३० मिमीवर. दोन्ही पत्र्यांच्या मिळणाऱ्या पृष्ठभागांवर जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर. क्लॅम्प. दार लावून फट पाहिली. मग चार कोपऱ्यांत टॅक, पुन्हा दार, मग मधले. सलग कधीच नाही. एक इथे, दुसरा एक वीत लांब, तिसरा दुसऱ्या टोकाला. बोट ठेवता येईल इतका थंड झाल्याशिवाय शेजारी टॅक नाही.

खालच्या शिवणीत निचऱ्यासाठी २० मिमी लांबीच्या तीन फटी मुद्दाम सोडल्या: पुढे, मध्ये आणि मागच्या टोकापासून ३ सेंमीवर. उतार मागे आहे, त्यामुळे शेवटची फट सर्वांत महत्त्वाची.

१५ डिसेंबर : तळाचे तुकडे

डावा पुढचा तळ एका तुकड्यात, ड्रायव्हरकडचा दोन तुकड्यांत. तुकडा आधी पुठ्ठ्यावर कापून बघितला, मग पत्र्यावर. कोपरे गोल, निदान २० मिमी त्रिज्येचे. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा सुरू होतो.

इथे मतभेद होतात: तुकडा वर ठेवून वेल्ड करायचा, की कडेला कड लावून? वर ठेवणे सोपे, वेळ निम्मा. पण दोन पत्र्यांमध्ये जो खिसा राहतो तो पाणी ओढतो आणि आतून सडतो. तळावर कडेला कडच लावली, फट तारेच्या जाडीइतकी. पेडलखालच्या वळणावर ते जमेना, तिथे कडेला १२ मिमीची पायरी दाबून तुकडा बसवला आणि दोन्ही बाजूंनी सीम सीलर भरायचे ठरवले.

एक तुकडा फुगला. घाईत ४ सेंमी सलग वेल्ड मारले गेले, तेवढ्यानेच मधला भाग ‘टक-टक’ करू लागला. वेल्ड थंड झाल्यावर आक्रसते आणि मधला पत्रा फुगवते. खालून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून वेल्डच्याच रेषेवर हलक्या हातोडीने ताणले, तेव्हा उतरला. फुगलेल्या मध्यावर ठोकले असते तर आणखी फुगला असता.

५ जानेवारी २०२५ : उजवी बाजू, सीटबेल्ट

उजवे सिल आतून शंकास्पद होते, पण खालून १२ मिमीचे भोक पाडून मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप घातला तर फक्त पृष्ठभागावरचा गंज. कापले नाही. भोकाला रबरी बूच, पुढे मेण फवारायला हेच भोक कामी येईल.

तळ उघडा असतानाच पुढच्या तीन-बिंदू बेल्टचे आधार. नुसत्या पत्र्याला नटबोल्ट लावलेला बेल्ट धडकेत पत्रा फाडून बाहेर येतो. ३ मिमीची ५० × ७५ मिमी प्लेट, कोपरे गोल, मागे ७/१६ इंची यूएनएफ नट वेल्ड केलेला. बेल्टचे बोल्ट याच आट्यांचे येतात. खालचे आधार सिलजवळच्या आणि तळाच्या मधल्या बोगद्याजवळच्या धड पत्र्यावर, वरचा बी पिलरच्या, म्हणजे दोन दारांमधल्या खांबाच्या, आत प्लेट घालून. प्लेट पिलरच्या बाहेरून लावू नये, ताण आला की ती सोलली जाते. आतून असेल तर पिलरवरच आवळली जाते.

१९ जानेवारी : अ‍ॅसिड, प्रायमर, सीलर

उरलेल्या खड्ड्यांतल्या गंजावर फॉस्फरिक अ‍ॅसिडचे रस्ट कन्व्हर्टर. गंज काळा पडतो, तो लोहाचा फॉस्फेट. सुटा गंज आधी तारेच्या ब्रशने काढलाच पाहिजे, अ‍ॅसिड पापुद्र्याखाली पोहोचत नाही. नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसून हीटगनने कोरडे. राहिलेले अ‍ॅसिड इपॉक्सीच्या हार्डनरशी भांडते आणि महिन्याभराने प्रायमर सालीसारखा निघतो.

इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. रेड ऑक्साइड का नाही, असे हमखास विचारले जाते. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, चांगला दिसतो, पण त्यावर वरचा रंग लागला नाही तर तो ओल पिऊन घेतो. इपॉक्सी पाणी अडवतो. मग सर्व जोडांवर पॉलियुरेथेनचा सीम सीलर, बोटाने दाबून, आतून आणि खालून. निचऱ्याच्या तिन्ही फटींत आधी आगपेटीच्या काड्या खोचल्या आणि सीलर वाळायच्या आत काढल्या.

काचेच्या चौकटीची फुगलेली कड १४ सेंमी कापून नवी पट्टी लावली. कडेची जाडी मूळइतकीच हवी, नाहीतर नव्या बीडिंगची खाच बसत नाही.

९ फेब्रुवारी : ब्रेक

चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक. ड्रम काढताना धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसली, फडके पिशवीत बांधून टाकले.

सहापैकी चार व्हील सिलिंडरांच्या तळाला खड्डे. इथेही पाणीच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढते, ओल खालच्या भागात साचते, सिलिंडर खालून सडतो. नुसते किट बदलले तर नवा रबर त्या खड्ड्यावर घासून महिन्यात गळतो. हलका डाग असेल तर होन करून, म्हणजे आतून घासून, चालते, नखाला लागणारा खड्डा असेल तर सिलिंडरच नवा. सहाही नवे घेतले. रबर पुसायला पेट्रोल, रॉकेल, ग्रीस काहीही नाही, फक्त ब्रेक ऑइल. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि ब्रेक लागलेला सुटत नाही.

नळ्या: आधीच्या कुणीतरी एसीची तांब्याची नळी वापरलेली. तांबे वाकते छान, फ्लेअर (नळीचे पसरवलेले तोंड) सहज होतो, म्हणून मोह होतो. पण कंपनाने ते कडक होऊन फ्लेअरच्या गळ्याशी चिरते, आणि या गाडीच्या ब्रेकला एकच सर्किट आहे. एक नळी गेली की चारही चाके गेली. ४.७५ मिमीची क्युप्रो-निकेल नळी टाकली. जुन्या नळीचे फ्लेअर ज्या जातीचे तसेच नवे केले, दुहेरीच्या जागी एकेरी फ्लेअर चालत नाही.

डॉट ४ ऑइल, ५०० मिलीच्या दोन बाटल्या. एअर काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. आधी ब्रेक शू ड्रमच्या जवळ आणून घेतले, नाहीतर हवा निघाली तरी पेडल खालीच जाते आणि माणूस दिवसभर एअर काढत बसतो. पेडल सावकाश दाबायचे, जोराने नाही, जोराने फेस होतो. बाटलीत उरलेले उघडे ऑइल पुढच्या वर्षी वापरू नये. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल प्यायल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि खंबाटकीचा उतार लागला की ते कळते.

२३ फेब्रुवारी : टाकी आणि वीस टक्के इथेनॉल

टाकीत सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ग्रॅम, गरम पाण्यात, काठोकाठ, एक दिवस. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच हीटगनच्या कोमट हवेने कोरडी. धुतल्यावर तासभर जरी ओली ठेवली तर नारिंगी गंज परत बसतो.

पंपावरचे पेट्रोल आता ई२०. जुन्या गाडीत त्याने तीन गोष्टी होतात: जुने रबर मऊ पडते, इथेनॉल ओल ओढते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आर९ दर्जाच्या घातल्या. साध्या काळ्या नळीचे आतले अस्तर सुटून कार्बोरेटरमध्ये जाते. गाडीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम व्हायटॉन रबराचा. मिश्रणाचा हिशेब असा: पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे इंधन सुमारे ९ टक्के जास्त हवे. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटचा नंबर म्हणजे त्याच्या इंधनाच्या भोकाचा व्यास मिमीच्या शंभराव्या भागात. या गाडीत १२० चा मेन जेट निघाला. १२५ घातला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, हिशेब बसतो. जेट ड्रिलने मोठा करायचा नाही, नवाच घ्यायचा. ३० किलोमीटरनंतर प्लग पांढुरके होते ते फिकट तपकिरी आले.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवणे बरे. अर्ध्या टाकीतली हवा रोज ओल आणते.

९ मार्च : कूलिंग

रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून, आणला. ब्लॉकच्या मागच्या भागातला गाळ नळीने उलटा मारून काढला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, जागेवर नव्हताच, टॅक्सीच्या काळापासून ‘काढून टाका, थंड राहील’ हा सल्ला चालत आला आहे. गाडी तापण्याचे कारण जवळजवळ नेहमी बुजलेला रेडिएटर असतो. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, ऑइलमध्ये ओल राहते, पेट्रोल जास्त जाते. परत बसवला. बोअरचे पाणी नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा, मधले पाणी खारट असेल तर हेड खाल्ले जाते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

१६ मार्च : दिवे

हेडलाइट मंद, म्हणून जास्त वॅटचे बल्ब लावू नका, आधी मीटर लावा. इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बच्या टर्मिनलवर ११.४. हरवलेल्या २.२ पैकी १.६ जुन्या स्विच आणि तारेत, ०.६ गंजलेल्या अर्थमध्ये. व्होल्टेज ५ टक्के कमी झाले तर प्रकाश साधारण १६ टक्के कमी होतो. या हिशेबाने निम्म्याच्या जवळ प्रकाश तारेतच जळत होता.

जुन्या ७ इंची गोल रिफ्लेक्टरच्या जागी त्याच मापाचे एच४ चे, बल्ब ६०/५५ वॅट. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच), अप्पर-डिपरला एकेक. बॅटरीपासून २.५ चौ. मिमी तार, बॅटरीजवळच २० अँपिअर फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पायावर. ८७ मधून दोन फाटे, प्रत्येक दिव्याला वेगळा १० अँपिअर फ्यूज, म्हणजे एक दिवा शॉर्ट झाला तरी दुसरा राहतो. ८६ ला जुन्या स्विचची तार, ८५ अर्थ. अर्थची स्वतंत्र तार बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, बॉडीच्या रंगावर भरवसा नाही. रिलेचे पाय खाली करून लावले. पाय वर असतील तर पाणी तारेवरून थेट सॉकेटमध्ये उतरते.

आता बल्बवर १३.२.

३० मार्च, गुढीपाडवा : पुढची काच

फक्त काच. बीडिंग आधी तासभर उन्हात ठेवले, मऊ पडते. काचेला बीडिंग चढवून त्याच्या बाहेरच्या खाचेत ४ मिमीची नायलॉनची दोरी सगळ्या बाजूंनी फिरवली, दोन्ही टोके खाली मध्यभागी एकमेकांवरून वीतभर पुढे, गाडीच्या आत लोंबती. चौकटीच्या कडेला साबणाचे पाणी. काच बाहेरून टेकवली. आतल्या माणसाने दोरीचे एक टोक काचेच्या मध्याकडे ओढत नेले, तसतशी बीडिंगची ओठाळी चौकटीच्या आत उलटत जाते, आणि बाहेरचा तळहाताने तिथेच थापत जातो. मुठीने नाही. दोघांनी एकाच जागी असले पाहिजे. बाहेरचा दोन वीत पुढे गेला तर ओठाळी परत बाहेर येते.

नवा कोपरा पहिल्यांदा अर्धा सेंमी उचललाच. पुन्हा दोरी घालून तेवढाच भाग बसवला. वाळल्यावर बीडिंग आणि चौकटीच्या मध्ये न वाळणारा ब्यूटाइल सीलर, पिचकारीने. सिलिकॉन वापरू नये. काही प्रकारचे सिलिकॉन वाळताना आम्ल सोडते आणि नव्या कडेलाच गंज चढवते.

१३ एप्रिल : रंग, लागेल तेवढाच

सिल, दारांची खालची वीतभर पट्टी, पुढची चौकट. बाकी रंग तसाच. रंग बदलायचा विचार असेल तर लक्षात ठेवावे की आरसीवर रंग लिहिलेला असतो, आरटीओत नोंद बदलावी लागते. या गाडीचे नूतनीकरण २०२६ मध्ये आहेच.

जुना रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज) आहे की पीयू (पॉलियुरेथेन), हे थिनरच्या बोळ्याने कळते. घासल्यावर बोळ्याला रंग आला तर एनसी. इथे आला. एनसीवर थेट पीयू मारला तर त्याचा थिनर खालचा रंग उचलतो आणि सुरकुत्या पडतात. जोडाच्या कडा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने लांबवर उतरवून त्यावर इपॉक्सीचा पातळ हात, मगच पीयू.

पुट्टी, जिला जुने रंगारी ‘लांबी’ म्हणतात, इपॉक्सीच्या वर आणि २ मिमीच्या आत. उघड्या पत्र्यावर नाही, कारण ती पाणी पिते. हार्डनर वजनाने २ टक्के. ‘लवकर वाळू दे’ म्हणून जास्त टाकला तर वरच्या रंगातून पिवळा डाग उमटतो.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. कापडी किंवा धुळीचा मास्क म्हणजे काहीच नाही. बाहेरून हवा येणारा मास्क नसेल तर हे काम बूथमध्ये करून घ्यावे. इथे तसेच करून घेतले.

४ मे : पोटात मेण

रंग पूर्ण वाळल्यावर सिल, दारांचे तळ आणि पिलरच्या खालच्या भागांत कॅव्हिटी वॅक्स, ३६० अंश फवारणाऱ्या लांब नळीने. नळी आत शेवटपर्यंत घालून मागे ओढत फवारायचे. एका सिलला सुमारे ४०० मिली. शेवटच्या फटीतून मेण ठिबकले म्हणजे पोहोचले. मग बारा गेजच्या तारेने सर्व फटी पुन्हा मोकळ्या केल्या. मेणाने फट बुजवली तर आधीच्या पट्टीवाल्यात आणि आपल्यात फरक तो काय.

खालून जाड काळे अंडरकोटिंग मारले नाही. चाकांच्या कमानींत दगड लागतात तिथेच मारले. तळाला इपॉक्सी आणि पीयूचा साधा हात. गंज आला तर दिसला पाहिजे.

२६ मे २०२५, सोमवार : पाऊस

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस सुरू झाला, नळीची परीक्षा घ्यायची गरज पडली नाही. गाडी सहा दिवस मुद्दाम उघड्यावर, आत मॅटऐवजी वर्तमानपत्र.

डावीकडे कोरडे. मागे कोरडे. सिलच्या शेवटच्या फटीतून दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब पडताना दिसतो, तेच हवे होते. ड्रायव्हरच्या बाजूला, पेडलच्या वर, कागदावर रुपयाएवढा ओला डाग. स्पीडोमीटरची केबल इंजिनाकडून उतरत आत येते, पाणी तिच्यावरून घसरत रबरी ग्रोमेटपर्यंत आणि तिथून आत. ग्रोमेट नवा आहे, दोष त्याचा नाही. केबलला ग्रोमेटच्या आधी खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडेल. क्लिप एक लागली. कागद बदलून गाडी पुन्हा उघड्यावर.